आई उरत नाही

१

दुधाच्या कारखान्यात तिला सगळे विरजणबाई म्हणत. नाव वाईट भावनेने पडलं नव्हतं. खालच्या टाक्यांमध्ये रोज जे दही लागे, त्याचं मूळ तिच्या ताब्यात असे: वरच्या मजल्यावरच्या उबदार खोलीत, पेटीत ठेवलेल्या एका काचेच्या चंबूत. त्या चंबूला कारखान्यात 'आई' म्हणायची पद्धत होती. रोज सकाळी ती स्पिरिटचा दिवा लावी, चंबूचं तोंड ज्योतीवरून फिरवी, कालच्या विरजणातलं चमचाभर घेऊन उकळून निववलेल्या नव्या दुधात सोडी आणि 'आई' लिहिलेली चिठ्ठी जुन्या चंबूवरून काढून नव्यावर चिकटवी. जुन्यात उरलेलं मोरीत ओतायचं, वरून कढत पाणी सोडायचं. याला म्हणायचं आई बदलणं.

जिन्यात भेटेल तो विचारी, "काय विरजणबाई, आई बदलली का?"

"बदलली. नवी जरा आंबट आहे, जपून राहा."

हा विनोद करून करून त्याचा पार चोथा झाला होता, तरी ती रोज करी. दुसरं हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या जोडीची बाई नोकरी सोडून गेली आणि साहेबांनी तिची जागा भरलीच नाही. "तुम्ही एकट्या दोघींना भारी आहात," असं म्हणून त्यांनी दोन्ही पाळ्या हिच्या गळ्यात बांधल्या. कौतुकाने गळा कापायची ही जुनी रीत. घरी सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवऱ्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात लागे, आणि मुलगी, ठमी, बारावीला. ठमीची परीक्षा जवळ आली होती. या वेळी रजा काढून तुझ्याजवळ बसेन, असा शब्द तिने ठमीला दिला होता. जगात दुसऱ्या कशाची तिला आस होती असं म्हणवत नाही. या पोरीजवळ बसायचं, बस.

"आई, जीवशास्त्र घे ना माझं," ठमी एका संध्याकाळी पुस्तक घेऊन आली. "आख्खा दिवस जिवाणू सांभाळतेस, तुझ्याइतकं कोण घेणार?"

ती भाकऱ्या थापाव्यात तशा इस्त्रीच्या घड्या घालत होती. "म्हण. ऐकतेय."

"जिवाणूला जोडीदार लागत नाही. आधी आतल्या गुणसूत्राची नक्कल होते, मग पेशी लांबते, मधोमध पडदा येतो आणि एकीच्या दोन होतात. याला द्विविभाजन म्हणतात. झालेल्या दोघी कन्या पेशी."

"आणि आई?"

"कुठली आई?"

"अगं, दोघी कन्या. मग त्यांची आई कुठे गेली?"

"ती उरत नाही."

"मरते?"

"मेली असती तर मढं दिसलं असतं. उरत नाही, एवढंच." ठमीने पान उलटलं. "तू ऐकत नाहीयेस. तू भांग खाजवतेयस."

खरंच होतं. आठवडाभर तिच्या भांगात खाज होती. डोक्याच्या मधोमध, सरळ रेषेत. उवा नव्हत्या, कोंडा नव्हता. आता ती खाज कपाळावरून खाली, नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरली होती.

बाहेरून नवरा ओरडला, "अगं, माझा शर्ट?" आतून सासूबाई, "सूनबाई, तेल कोमट झालं का?"

"मला काय दोन शरीरं आहेत का?" ती म्हणाली.

"असती तर झकास झालं असतं," नवरा हसला. "एक कामावर, एक घरी. कुणाची तक्रार नाही."

२

त्या रविवारी ती दुपारी झोपली. दुपारी झोपणारी ती बाई नव्हती. पण सकाळपासून तिला अशी भूक लागली होती की सगळ्यांचं झाल्यावर पातेली पुसून खाल्ली, ठमीच्या ताटातलं उरलेलंही खाल्लं आणि मग पलंगावर जी पडली ती मेल्यासारखी.

झोपेत एक गोष्ट मात्र तिला जाणवली. ओलं फडकं फरशीवरून उचलताना कसं सुटत सुटत येतं, तसं तिच्या डाव्या अंगावरून काहीतरी सुटत गेलं. दुखलं नाही. उलट बरं वाटलं. याचीच तिला नंतर लाज वाटायची.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर तिरपं झालं होतं. खाज गेली होती. अंग हलकं, इतकं हलकं की उठताना ती जवळजवळ पुढे पडली. ड्रेस खांद्यावरून घसरत होता. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात लागला, तर चादर गरम होती.

स्वयंपाकघरात नळ सुटला होता. भांडी एकमेकांवर रचल्याचा आवाज आला, आधी ताटं, मग वाट्या, मग पेले. ती स्वतः याच क्रमाने भांडी रचते. ठमी असेल, असं म्हणून ती उठली. तिथे जाईपर्यंत आवाज थांबला होता. ओट्यावर भांडी निथळत होती आणि मागचं दार उघडं होतं.

नवरा दारात उभा होता, अंगणाकडे तोंड करून. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं.

"काय हो?"

"काही नाही." तो बराच वेळ तिला न्याहाळत राहिला. मग एखाद्या माणसाचा हिशेब अचानक जुळावा तसा तो सैलावला. "मी काय म्हणतो, दोन पाळ्या करून येऊन-जाऊन जीव जातो तुझा. कारखान्यात ती विश्रांतीची खोली आहे ना? राहा की थोडे दिवस तिथेच. घरचं बघू आम्ही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'घरचं बघू आम्ही' हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं. तिचे डोळे भरून आले. बिचारी.

३

विश्रांतीच्या खोलीत लोखंडी खाट होती आणि खालच्या यंत्रांची घरघर भिंतीतून येई. तिथून ती रोज ठमीला फोन करी.

"जेवलीस का गं?"

"हो. तूच नाही का वाढलंस," ठमी म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली. "म्हणजे... तू करून ठेवलेलंच. ठेवते आई, अभ्यास आहे."

तिने काहीच करून ठेवलं नव्हतं. पण थकलेल्या माणसाची बुद्धी फार समजूतदार असते, ती कुठल्याही भोकाला ठिगळ लावते. केलं असेल, विसरले असेन.

कपडे न्यायला ती एका संध्याकाळी घरी गेली. घर आरशासारखं होतं. पडदे धुतलेले. कपाटात कपड्यांच्या घड्या, कोपरे आत दुमडलेल्या. तशी घडी तिच्या आईने तिला शिकवली होती आणि या घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल चोपडलेलं, चेहऱ्यावर सुख.

"हे कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? तूच की." म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे न बघता सांगितलं. "भ्रमिष्टासारखं काय बोलतेस?"

न्हाणीघराचं दार बंद होतं. आत पाणी पडत होतं, थांबून थांबून, तांब्याने घेतल्यासारखं.

"ठमी अंघोळ करतेय वाटतं."

"हो, ठमीच."

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि ठमी पाठीवर दप्तर घेऊन आत आली. आईला बघून ती जागीच थबकली. मग तिने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"मग नळ चालू राहिला असेल मेला," सासूबाई म्हणाल्या.

पाणी पडायचं थांबलं. तिघींनीही ते ऐकलं. तिला दाराशी जावंसं वाटलं. दारही फार लांब नव्हतं. पण ठमी मधे येऊन उभी राहिली, आईचे कपडे पिशवीत कोंबत म्हणाली, "जा ना आई. उशीर होईल तुला." तिने इतक्या दिवसांत आईला हात लावला तो हा, दंडाला धरून उंबऱ्याबाहेर नेण्यापुरता.

४

दुसऱ्या दिवशी विरजण तपासायचं होतं. तिने थेंब काचपट्टीवर पसरला, ज्योतीवरून फिरवला, निळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नेहमीचंच दृश्य. निळ्या कांड्या, निळ्या माळा. हे सगळं तिला पाठ होतं. पण त्या दिवशी तिने एकच कांडी निवडली आणि तिच्याकडे बघत राहिली. मधोमध बारीक रेघ आली होती. या बाजूला जेवढी, त्या बाजूला तेवढी. तुटल्यावर दोघींचं एकेक टोक जुनं असणार आणि एकेक नवंकोरं. मूळची कोण, हे विचारायला जागाच नव्हती.

तिने डोळा काढला आणि काचपट्टी धरलेल्या स्वतःच्या डाव्या हाताकडे तिची नजर गेली.

मनगटावर डाग नव्हता. वाफेच्या भांड्याने भाजल्याचा तो डाग, बांगडी सरकली की दिसणारा. तिथे गुळगुळीत, तान्ह्या बाळासारखी कातडी होती. तिने बाही वर केली. कोपराची काळी राप नाही. दंडावर लशीची खूण नाही. तिने उजवा हात शेजारी धरला: भेगा, फुगलेल्या शिरा, दारात चेमटून वाकडी झालेली करंगळी. दोन हात दोन बायकांचे वाटत होते.

मलम बरं निघालं, ती स्वतःला म्हणाली. मलम लावल्याला चार वर्षं झाली होती, हेही तिनेच स्वतःला सांगितलं. आणि लशीच्या खुणेला कोणी मलम लावत नाही.

तिने दिवा फुंकला. साहेबांना विचारलंही नाही. भर दुपारी ती घराकडे निघाली.

५

दारापुढच्या पायऱ्यांवरच तिला आवाज ऐकू आला. दार थोडं उघडं होतं.

"आणि खायला कमी पडलं तर?" आतून कोणी विचारलं.

"तर विभाजन थांबतं," ठमी म्हणाली.

"आणि गर्दी झाली तर?"

"आपल्याच आंबटपणात मरतात. आपल्या आजीसारख्या."

ठमी खळखळून हसली, आणि तिच्याबरोबर हसली ती बाई. स्वतःचं हसू माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. तिला आलं. शेवटचा सूर नाकात चढतो, त्यावरून. फक्त इतकं मोकळं हसताना तिने स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. थकवा नसता तर तीही अशीच हसली असती.

तिने फटीला डोळा लावला, जसा सूक्ष्मदर्शकाला लावते. ठमी कुशीवर पडून पुस्तकात बघत होती. तिचं डोकं कोणाच्या तरी मांडीवर होतं. मांडीवरचा ड्रेस तिचाच, जुना, निळा. केसांतून फिरणारा हात डावा, मनगटावर तपकिरी डाग. मग उजवा हात वर गेला, नितळ, सरळ करंगळीचा. तो फटीत दिसेनासा झाला आणि फक्त आवाज आला. कोणीतरी भांग खाजवत होतं. हळूहळू, सरळ रेषेत.

६

"लवकर आलीस?"

नवरा खालच्या पायरीवर उभा होता. हातात भाजीची पिशवी. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. अवघडल्यासारखा मात्र झाला होता.

"आत जाऊ नकोस. ती आहे."

"तुम्हाला माहीत होतं."

"अगं, त्या रविवारी बघितलं मी. घाबरलो की. कुणीही घाबरेल." तो समजूत काढणाऱ्या आवाजात बोलत होता, गॅसवाल्याशी बोलावं तसा. "पण मग म्हटलं, वाईट काय आहे यात? तूच म्हणायचीस ना, दोन शरीरं आहेत का? घे. आईंचं नीट चाललंय, ठमीचा अभ्यास चाललाय, तुझी नोकरी चालू आहे. जेवायलाही दोघी मिळून एकीपुरतंच लागतं."

"मी ठमीची आई आहे."

"तीही आहे ना."

"मी आधीची आहे."

"तीही तेच म्हणते," तो म्हणाला. "पण ती समजूतदार आहे जरा."

आवाज ऐकून ठमी बाहेर आली आणि दार ओढून घेऊन पाठ लावून उभी राहिली. तिने आईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नापास होणाऱ्या मुलीकडे हुशार मुलगी बघते तसं.

"ठमे, हे बघ." तिने उजवा हात पुढे केला. "करंगळी बघ. तुझ्याच शाळेच्या दारात चेमटली. तिची सरळ आहे. मी बघितलं."

"आणि डाग?"

तिने डावी बाही खाली ओढली.

"तिच्याकडे डाग आहे, तुझ्याकडे करंगळी आहे. म्हणजे अर्धी ती, अर्धी तू." ठमीचा आवाज कापत नव्हता. "तुला सांगितलं होतं मी. द्विविभाजनात आई उरत नाही. तुम्ही दोघी कन्या. मग आई कोणाला म्हणायचं ते मीच ठरवायला हवं ना?"

"मी तुला जन्म दिला गं."

"जिने दिला ती उरली नाही," ठमी म्हणाली. आणि मग, जरा मऊपणाने, "ती माझ्याजवळ बसते, आई. तू कधी बसलीस?"

'आई' हा शब्द चुकून आला होता. ठमीने लगेच ओठ मिटले. आतून कोणीतरी विचारलं, "ठमे, कोण आहे गं दारात?"

"कोणी नाही," ठमीने उत्तर दिलं.

७

खायला कमी पडलं की विभाजन थांबतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. विश्रांतीच्या खोलीत परतल्यावर तिने खाणं सोडलं. नवरा डबा आणून खाटेवर ठेवी, ती तो मोरीत रिकामा करी. भांगात नुकती सुरू झालेली खाज कपाळाच्या वरच थांबली. तिला वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. निदान आता आहे तेवढी तरी मी राहीन.

साहेब खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खुर्ची ओढली.

"बाई, तिसरी पाळी सुरू करायची आहे. माणसं कुठून आणू सांगा? तुमच्या ह्यांच्याशी बोलणं झालंय माझं." त्यांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. "जेवत जा हो. तब्येतीची हेळसांड बरी नाही."

त्यांच्या मागून दुसरं कोणी येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी आली. एकटीच, केस विंचरलेले, हातात डबा. खाली टाक्या घरघरत होत्या.

"वाळलीस," ठमी म्हणाली.

"परीक्षा कशी गेली?"

"छान. मला दुसऱ्या गावी प्रवेश मिळेल. तिथे खोली घ्यावी लागेल." तिने डबा उघडला. वाफ आली. "एकटं राहायला भीती वाटते मला."

"मग तिला ने. तुझ्या आईला."

"तिला आजी सोडत नाही. आणि तिला परत खाज सुटली होती ना, तिच्याही दोन झाल्या. बाबांनी ठरवलं की त्या दोघी घरीच हव्यात. एक आजीला, एक घराला." ठमी खाटेच्या कडेला बसली. "पण तू खाल्लंस तर... पुढची मी नेईन. माझ्याबरोबर. फक्त आपण दोघी."

"जी जाईल ती मी असेन का गं?"

ठमीने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, हा या पोरीचा गुण होता. "अर्धी," ती म्हणाली.

अर्धीची अर्धी. तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि सोडून दिला. त्या अर्धीच्या मांडीवर ठमी डोकं ठेवेल. त्या अर्धीला धडे घ्यायला मिळतील, ती नाकात सूर चढेपर्यंत हसेल. आणि दुसरी इथे दिवा लावेल, चिठ्ठ्या बदलेल, दोघींचं पूर्वीचं सगळं तिला आठवत असेल. यातली आपण कोणती, हे तेव्हा विचारायला कोणी असणार नाही.

"खा, आई," ठमी म्हणाली.

या वेळी शब्द चुकून आला नव्हता. तिला ते कळलं. कळूनही तिने घास घेतला. मग दुसरा. भूक अशी उसळली की चावायची शुद्ध राहिली नाही. भांगातली खाज जागी झाली, कपाळावरून उतरली, नाकाच्या शेंड्यावर क्षणभर थांबली आणि ओठांवरून हनुवटीकडे गेली. ठमी त्या रेघेकडे बघत होती. दही लागलंय का ते बघावं तसं, डोकं थोडं कलतं करून.

मग ठमी उठली, खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसली. या बाजूला डाग नव्हता, भेग नव्हती, जुनं काहीच नव्हतं. तिने तो नितळ डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गालाला लावला.

"झोपायचं का आता?" ती त्या हाताला म्हणाली.

उजवा हात अजून जेवत होता.